पुण्याची एक खेप

आमच्या माजघरांतल्या खुंटीवर एक जाडीभरडी पिशवी वर्षानुवर्षें टांगलेली असते. घरांत तिला 'पुण्याची पिशवी' म्हणतात, कारण पुण्यास डॉक्टरकडे जातेवेळींच ती खुंटीवरून उतरते. तींत ज्याचे त्याचे कागद निराळ्या रंगाच्या फायलींत असतात : आईची तांबडी, माझी निळी, नातवाची पिवळी. परवां पिशवी धुवावयास काढली तेव्हां तळाशीं असलेली हिरवी फाईल हातांत आली, आणि २०२३ सालच्या निज श्रावणांतला एक शनिवार सबंधच्या सबंध डोळ्यांपुढें उभा राहिला. त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरांत कोणी आपण होऊन काढीत नाहीं. मींही या सदरांत ती आजवर टाळलीच होती.

आम्ही वाईचे. वाईहून पुणें सुमारें नव्वद किलोमीटर. घर एकत्र आहे : आई, मी व आमची सौभाग्यवती, धाकटा भाऊ व त्याची पत्नी, माझा मुलगा, सून व त्यांचा मुलगा. भावाच्या पत्नीला मुलांच्या मागोमाग सगळें घरच 'काकू' म्हणूं लागलें. मी तिचा थोरला दीर, पण मीही काकूच म्हणतों; वाचकांनींही या लेखापुरतें तसेंच म्हणावें.

लहानसहान दुखण्यांस वाईचे डॉक्टर पुरून उरतात. परंतु त्या वर्षीं तीन कामें अशीं सांचलीं होतीं कीं, तीं पुण्यासच न्यावींत असें ठरलें. आईला तेव्हां चौऱ्याऐंशीवें वर्ष होतें; तिचा मधुमेह वीस वर्षांचा जुना आणि डोळ्यांची तपासणी दोन वर्षें राहून गेलेली. नातू सात वर्षांचा. त्याला फळ्यावरचें दिसत नाहीं अशी शाळेंतून चिठ्ठी आली होती. तिसरा मी. मला ऐकूं कमी येतें असें घरच्यांचें मत होतें. घरचे हळू बोलतात असें माझें मत होतें. तिन्ही कामें एका खेपेंत उरकावींत म्हणून काकूनें आठ दिवस फोनाफोनी करून एकाच मोठ्या रुग्णालयांत सगळ्या वेळा मिळविल्या. मुलगा व सून नोकरीच्या कामानें परगांवीं, भावाला दुकान सोडवेना, आणि श्रावणी शनिवार असल्यामुळें घरीं मुंजा जेवावयास यावयाचा होता, त्यासाठीं सौ. घरीं राहिली. तेव्हां आई, मी, नातू आणि आम्हांस सांभाळावयास काकू, असे चौघे निघालों.

पहाटे पावणेसहाच्या गाडींत बसलों. काकू त्यापूर्वीं दोन तास उठलेली असणार, कारण दशम्या, तिळाची चटणी, आईसाठीं वेगळी भाकरी, नातवासाठीं गुळपापडी असा सगळा डबा तयार होता. तिचा स्वतःचा शनिवार होता. ती दिवसभर कांहीं खात नाहीं, संध्याकाळीं उपास सोडते. वाहक तिकिटें द्यावयास आला तेव्हां मोठी मौज झाली. पंचाहत्तरी उलटलेल्यांस २०२२ पासून एस. टी. चा प्रवास फुकट. मी पासष्ट ओलांडल्यामुळें अर्ध्या तिकिटाचा धनी. बायकांना २०२३ च्या मार्चापासून अर्धें तिकीट झालेलें, म्हणून काकू अर्धी. नातू लहान म्हणून अर्धा. चार माणसांचें मिळून दीड तिकीट झालें. आईला हें फुकट तिकीट म्हणजे सरकारनें आपला खाजगी सत्कार केला असें वाटतें. आधारकार्ड ती पिशवींत ठेवूं देत नाहीं, कनवटीला ठेवते, आणि मागण्यापूर्वींच पुढें करते.

जातांना खंबाटकीचा डोंगर बोगद्यांतून केव्हां पार झाला तें कळलेंही नाहीं. सव्वाआठास स्वारगेट, आणि साडेआठास आम्ही रुग्णालयाच्या बांकावर.

पहिलें काम आईच्या रक्ताचें. उपाशीपोटीं एकदां, व जेवणानंतर दोन तासांनीं पुन्हां एकदां, असें तें असतें हें सर्वांस ठाऊक आहे. आईलाही ठाऊक आहे, आणि म्हणूनच तपासणीच्या आधीं तीन दिवस ती भात, साखर, आंबा सगळें वर्ज्य करून मोठी व्रतस्थ होते. आंकडा चांगला येतो. घरीं आल्यावर व्रताचें उद्यापन होतें. पण हल्लीं डॉक्टरांनीं एक निराळी तपासणी काढली आहे. रक्तांतल्या तांबड्या पेशी सुमारें एकशेंवीस दिवस जगतात, आणि रक्तांतली साखर हळूहळू त्यांना चिकटत राहते. ती किती चिकटली आहे हें पाहिलें कीं, गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी कळते. एच-बी-ए-वन-सी असें तिचें नांव. आईचा उपाशीपोटींचा आंकडा ऐकून डॉक्टरांनीं शाबासकी दिली, आणि दुसरा कागद वाचून चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलें.

"आजी, आंबे भरपूर झाले ना यंदा?"

"तुम्हांला कोणीं सांगितलें?" असें म्हणून आईनें माझ्याकडे रागानें पाहिलें. माझ्या चहाडीशिवाय हें कळलें असेल, हें ती आजतागायत मान्य करीत नाहीं.

रुग्णालयांतला वेळ कसा जातो हें लिहिण्यासारखें नाहीं. तो जात नाहीं, साचतो. क्रमांक पुकारले जातात, आपला मात्र येत नाहीं. लिफ्टपुढें रांग, म्हणून आम्ही जिन्यानें वरखालीं करीत होतों. आईला बसवून काकू कधीं पैसे भरावयास, कधीं कागद आणावयास जाई. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ती दर वेळीं कठड्याला धरून जराशी उभी राही. आई मागें आहे म्हणून थांबते, असें मला वाटलें. एकदां आई मागें नव्हती. तरी मला तसेंच वाटलें.

नातवाच्या डोळ्यांची तपासणी अकरास होती, ती साडेबारास झाली. त्यानें फळ्यावरचीं अक्षरें खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखविलीं आणि डॉक्टरीण बाई चकित झाल्या. त्यांनीं फळा बदलला तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला : आधींचा मुलगा वाचीत असतां यानें बाहेर उभ्यानें सगळें पाठ करून टाकलें होतें. मग डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. मुलाचा डोळा जवळदूर नेम धरावयास सारखी धडपड करीत असतो, त्यामुळें नुसत्या वाचण्यावरून चष्म्याचा आंकडा फसतो. थेंबांनीं ती धडपड थांबवावी लागते. दीडाचा चष्मा निघाला. आतां दुसऱ्या दिवसापर्यंत वाचावयाचें नाहीं असें ऐकतांच त्याचा सगळा शीण गेला.

अडीचाची आईची वेळ चारपर्यंत लांबली. जुन्या मधुमेहाच्या माणसाची बाहुली थेंबांस लवकर दाद देत नाहीं. तिला तीन वेळां थेंब घालावे लागले. थेंब घालून डोळे मिटून बसावयाचें, अर्ध्या तासानें कोणी येऊन बॅटरीनें पाहावयाचें, आणि 'अजून नाहीं' म्हणून पुन्हां घालावयाचे. मधुमेहानें डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या झिरपूं लागतात. आरंभीं दुखत नाहीं, खुपत नाहीं, दिसतेंही चांगलें. म्हणून वर्षांतून एकदां आंत डोकावून पाहावें लागतें. पाहिल्यावर डाव्या डोळ्यांत कांहीं ठिपके निघाले. सुई किंवा लेसर तूर्त नको, पण सहा महिन्यांनीं आणा, आणि साखर आटोक्यांत ठेवा, एवढ्यावर सुटलें. तोंपर्यंत आईला समोरचें माणूस म्हणजे एक उजेडाचा गोळा दिसूं लागला होता. काकूच्या दंडाला धरल्यावांचून तिला पाऊल टाकवेना, आणि काकूशिवाय दुसऱ्या कोणाचा दंड तिला चालेना.

मी त्या वेळीं माझ्या कामांत होतों. एका बंद पेटीसारख्या खोलींत बसवून कानांवर यंत्र चढवितात. आवाज आला कीं बटण दाबावयाचें. मीं मोठ्या दक्षतेनें दाबलें. बाहेर आल्यावर त्या तरुण मुलीनें मला आलेख दाखविला. रेघ डावीकडे बरी होती, उजवीकडे उतरणीस लागली होती. वयोमानानें जातात ते आधीं उंच पट्टीचे स्वर, ती म्हणाली. पुरुषांचें बोलणें तुम्हांस बरेंच ऐकूं येईल. बायकांचें आणि लहान मुलांचें निसटेल. त्यांतही कोणी हळू बोललें, किंवा गलबल्यांत बोललें, तर शब्द कळणार नाहींत. यंत्र लावावयाचें कीं नाहीं याचा विचार करून सांगतों म्हणालों, आणि तळमजल्यावरच्या उपाहारगृहांत जाऊन नातवाला एक बिस्किटांचा पुडा घेतला व स्वतः चहा घेतला. घड्याळांत साडेचार वाजले होते. ही वेळ मला पुढें पक्की आठवावी लागली.

सगळें आवरून बाहेर पडावयास सहा वाजले. दाराशीं काकूनें भिंतीवरच्या घड्याळाकडे एकवार पाहिलें.

"उशीर झाला काय?" मीं विचारलें.

"नाहीं, चला," ती म्हणाली.

स्वारगेटला वाईची गाडी मिळावयास पाऊण तास गेला. आई व काकू एका बांकावर, त्यांच्या पुढच्यावर मी आणि नातू, पिशवी माझ्या मांडीवर. कात्रजपर्यंतच तासभर लागला. शनिवारची संध्याकाळ, त्यांत श्रावणाचा पाऊस. महाबळेश्वरास जाणाऱ्या मोटारींनीं सगळा रस्ता गिळून टाकला होता. खेड-शिवापूरच्या नाक्याशीं गाडी पावलापावलानें सरकली. नीरेचा पूल ओलांडला, म्हणजे आपला सातारा जिल्हा लागला, तेव्हां साडेनऊ झाले होते. शिरवळ, खंडाळा, आणि मग घाट. पुण्याकडे जातांना बोगदा आहे. तिकडून येतांना मात्र आम्हांस जुन्या घाटानेंच चढावें लागे. पहिल्या दोन वळणांनंतर गाडी थांबली ती थांबलीच. वर कोठें तरी एक अवजड मालमोटार वळणावर बंद पडली होती. चालकानें यंत्र बंद केलें. पुढें लाल दिव्यांची रांग डोंगरावर चढत गेलेली, मागें पांढऱ्या दिव्यांची उतरत गेलेली, आणि टपावर पावसाचा आवाज.

नातू झोंपला. मला स्वस्थ बसवेना. हातांस कांहीं तरी चाळा हवा म्हणून गाडींतल्या मंद दिव्याखालीं मीं पिशवींतले कागद लावावयास घेतले. तांबड्या फायलींत तांबडीचे, निळींत निळीचे. सर्वांच्या खालीं एक हिरवी फाईल निघाली. नवी कोरी. तींत एकच कागद होता. त्यावर काकूचें नांव, त्याच दिवसाची तारीख, दुसरा मजला, स्त्री शल्यचिकित्सक, वेळ साडेचार, पैसे आगाऊ भरल्याची नोंद.

मीं मागें वळून तो तिच्यापुढें धरला. "काकू, हें काय?"

तिनें कागदाकडे पाहिलें आणि खिडकीबाहेर पाहिलें. "तें राहिलें, दादा. सगळ्यांचें व्हायला उशीर झाला ना. येऊं पुन्हां केव्हां तरी."

"पण कशासाठीं?"

"सहज दाखवायचें होतें." पुढें ती आणखी कांहीं तरी बोलली, तें मला ऐकूं आलें नाहीं.

आईला त्या वेळीं दिसत नव्हतें. पण तिचे कान तेव्हांही खणखणीत होते. "सहज कोणी आधीं पैसे भरतें का ग? कुठें दुखतें तुला?"

"दुखत नाहीं."

"मग?"

काकू तिच्या कानाशीं वांकली. आई कांहीं वेळ बोलली नाहीं. मग चांचपडत तिनें काकूचा हात शोधला आणि आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"केव्हांपासून?"

"वटपौर्णिमेपासून. न्हातांना लागली हाताला."

"आषाढांत कां नाहीं गेलीस?"

"तुम्हांला ताप होता."

"अधिकांत?"

"जांवयांचें धोंड्याचें जेवण होतें ना. लग्नानंतरचा पहिलाच अधिक."

आईनें मोठ्यानें मला हाक मारली. "तुला ऐकूं आलें का रे?" मीं मान हलविली, ती तिला दिसली नाहीं. "नाहीं ना? घरीं चल, सांगतें."

सांगावयाची जरुरी नव्हती. कागदावर विभागाचें नांव होतें, आणि मला अक्षरें ओळखतां येतात. दिवसाच्या सगळ्या वेळा तिनेंच मिळविल्या होत्या, आणि आपली वेळ तिनें सर्वांच्या शेवटीं घातली होती. म्हणजे राहिली तर तीच राहावी. आणि साडेचार वाजतां मी चहा पीत होतों. माझी तपासणी आटोपली होती. आईजवळ मी बसलों असतों तर ती रागावली असती, पण बसली असती.

आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस जावयास निघाल्या, तेव्हां बंगालमधील श्रीरामपुरास व्याख्यान देऊन त्यांनीं आपल्या जाण्याचें कारण सांगितलें होतें : या देशांत स्त्री-वैद्य नाहींत, आणि पुरुषांस सांगण्याच्या संकोचानें बायका दुखणीं अंगावर काढतात. १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या, दुसऱ्याच वर्षीं वारल्या. शाळेंत असतांना हें मीं शिक्षक या नात्यानें कितीदां तरी मुलांस सांगितलें असेल. आमच्या वेळीं डॉक्टरीण बाई दुसऱ्या मजल्यावर बसल्या होत्या, काकूचें नांव त्यांच्या यादींत होतें, आणि आम्ही एक मजला खालीं होतों.

रस्ता मोकळा व्हावयास दोन तास लागले. सुरूरच्या फाट्यावरून वळून वाईंत पोंचलों तेव्हां बारा वाजून वीस मिनिटें झालीं होतीं. सौ. जागी होती. तिनें ताटें मांडलीं, मुंजासाठीं केलेल्या पुरणाची वाटी काढून ठेवलेली होती. काकू पाटावर बसली आणि म्हणाली, "आतां रविवार लागला. शनिवार सोडायचा राहूनच गेला." आणि हंसली. आमच्यापैकीं कोणाला हंसूं आलें नाहीं. भावाला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. तो झोंपेंतून उठून माजघराच्या दाराशीं उभा होता.

मंगळवारीं काकू, सौ. आणि भाऊ पुण्यास गेलीं. या वेळीं पिशवींत एकच फाईल होती. अशा गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात, परंतु कोणती निरुपद्रवी आणि कोणती नाहीं हें हाताला कळत नाहीं; डॉक्टरनें पाहावें लागतें, चित्र घ्यावें लागतें, जरूर तर सुईनें नमुना काढावा लागतो. तीन महिने थांबून नशिबावर सोडण्याची ही गोष्ट नव्हे, असें त्या बाईंनीं भावालाच खडसावून सांगितलें, आणि तें योग्यच केलें. चित्रांत पाण्याची गाठ दिसली. सुई लावून पाणी काढलें, गाठ तेथल्या तेथें बसली.

पण त्यांनीं काकूच्या डोळ्यांची पापणी खालीं ओढून पाहिली होती आणि रक्तही घेतलें होतें. स्त्रियांत बारा तरी असावें असें जें हिमोग्लोबिन, तें तिचें आठ पूर्णांक दोन निघालें. तीन वर्षें महिन्याचा रक्तस्राव फार होत होता. वयाचें आहे म्हणून ती कोणाशीं बोलली नव्हती. त्यांत आठवड्याचे दोन उपास, आणि सगळ्यांचें झाल्यावर उरलें सुरलें जेवण, त्यावर लगेच चहा. चहानें अन्नांतलें लोह अंगीं लागत नाहीं, हें आमच्या घरांत त्या दिवशीं पहिल्यानें कळलें. मला मात्र जिन्याचा मधला टप्पा आठवला.

मग लोहाच्या गोळ्या आल्या, रक्तस्रावावर उपचार सुरू झाले, आणि जेवणानंतरचा चहा दोन तास पुढें गेला. उपासांवरून आई व काकू यांचा वाद झाला, तो आई जिंकली. तिनें शनिवार आपल्याकडे घेतला. मधुमेहामुळें तिला उपास करतां येत नाहीं, तेव्हां त्या दिवशीं आंबा, साखर खावयाची नाहीं असा तिनें तोडगा काढला. मारुतीची त्याला हरकत नसावी.

त्याच आठवड्यांतली एक सकाळ. आईच्या गोळ्या वाटींत काढून, पाण्याचें भांडें घेऊन काकू नेहमींप्रमाणें तिच्यापुढें उभी राहिली.

"तुझी घेतलीस?" आईनें विचारलें.

"घेतें मागून. आधीं तुमची होऊं दे."

आईनें वाटी उचलली आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवून दिली. "आण तुझी. मी बसलें आहें."